'हो' म्हणायला लागणारा वेळ

अभिनंदन मगदूमने तो नंबर एकदाच पाहिला आणि त्याला तो पाठ झाला. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती. टेबलावर पद्मजाचा फोन थरथरला तेव्हा वर नाव नव्हतं, नुसते आकडे होते. पद्मजाने ओले हात पदराला पुसत फोन उचलला, "हां, बोला," म्हणाली आणि बोलत बोलत गच्चीवर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं. घरात दोघंच होती. दार लावायचं कारण काय, हा प्रश्न अभिनंदनच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

सांगलीत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस गोड बोलणारा, हिशेबाला सरळ. गिऱ्हाइकाला न परवडणारी काच कधी त्याच्या गळ्यात मारायचा नाही. पण बायकोच्या बाबतीत त्याच्या मनाला एक कीड होती, आणि ती लग्नापासूनची होती. पद्मजा मिरजेच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. मागे एकदा एका पेशंटने, आपला खांदा बरा झाला म्हणून, कौतुकाने हापूसची पेटी घरी पाठवली. अभिनंदनने त्यातली एक फोडही तोंडात घातली नाही. सगळे आंबे त्याने शेजारीपाजारी वाटून टाकले. पद्मजा तेव्हा हसली होती. पुढे पुढे तिने हसणं सोडलं, आणि पेशंटांबद्दल घरी बोलणंही.

गेल्या वर्षभरात ती बदलली होती. हॉस्पिटलचं काम दुपारी दोनला संपायचं, पण ती घरी यायची सातला. विचारलं तर म्हणायची, घरी जाऊन व्यायाम करून घ्यावे लागतात अशा पेशंटांची कामं घेतलीत. दमून यायची, पण चेहरा उजळलेला असायचा. भाजी चिरताना गुणगुणायची. हे समाधान आपल्यामुळे नाही, एवढं अभिनंदनला कळत होतं, आणि तेवढंच त्याला आतून पोखरत होतं.

सोमवारी दुकान उघडल्यावर त्याने आधी 'सांगाती' उघडलं.

'सांगाती'ची जाहिरात तोपर्यंत सगळ्यांनी पाहिली होती. पण ते चालतं कसं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. पूर्वी कुठेही खातं उघडायचं तर फोनवर चार-सहा आकड्यांचा कोड यायचा आणि तो टाकावा लागायचा. फसवणूक फार वाढली तसे ते कोड बंद झाले आणि मूक पडताळणी आली. बँक असो, शाळा असो, दवाखाना असो की भाजीचं ॲप, ज्याला खात्री करायची तो फोन कंपनीच्या यंत्रणेला परस्पर विचारतो, हा नंबर याच फोनमध्ये आहे का, चालू आहे का? यंत्रणा फोनला चाचपते आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देते. फोनच्या मालकाला याचा पत्ताही लागत नाही. पत्ता नाही, नाव नाही, नुसता होकार, म्हणून कायद्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुण्याच्या एका संशोधक मुलीच्या लक्षात आलं की उत्तर एका शब्दाचं असलं तरी ते यायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा असतो. फोन कुठल्या टॉवरखाली आहे, त्या टॉवरवर किती गर्दी आहे, निरोप कुठल्या वाटेने गेला, यावर तो काही हजारांश सेकंदांनी कमीजास्त होतो. एकच नंबर पुन्हा पुन्हा विचारला आणि ते वेळ कागदावर मांडले, तर हृदयाच्या आलेखासारखी वरखाली जाणारी रेघ मिळते. एका रेघेवरून फारसं कळत नाही. पण दोन नंबरांच्या रेघा शेजारी ठेवल्या आणि त्या तासन्‌तास एकदमच वर, एकदमच खाली गेल्या, तर ते दोन फोन एकत्र फिरताहेत. एकाच गाडीतल्या दोघांना एकाच खड्ड्यात एकदम गचका बसावा, तसं. त्या मुलीने हे धोक्याची सूचना म्हणून छापलं. एका कंपनीने ते वाचलं आणि त्याचा धंदा केला.

नियम सोपा होता. तुम्ही हवे ते नंबर द्यायचे. कंपनी त्यांना दिवसरात्र विचारत राहणार आणि महिन्याभराने त्यांचा सहवासांक, म्हणजे शंभरातला किती वेळ ते एकत्र होते, तो आकडा सांगणार. जो नंबर कुणी दिलेलाच नाही, त्याच्या वाटेला कंपनी जात नसे. कोट्यवधी नंबरांना सतत विचारत राहणं तिला परवडणारं नव्हतं. त्यामुळे ज्याच्यावर कुणाचा संशय नाही, तो माणूस अजून मोकळा होता.

अभिनंदनने पद्मजाचा नंबर टाकला, आपला टाकला, आणि तो पाठ झालेला टाकला.

तो महिना त्याने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगायचा आणि स्वतः फोनकडे बघत राहायचा. घरी पद्मजाला साधंसं काही विचारलं, म्हणजे आज काय केलंस, कुठे जेवलीस, तर ती उत्तर द्यायच्या आधी जेवढी थांबायची तेवढं थांबणं तो मोजायचा. तिला ते जाणवत होतं. एकदा ती म्हणाली की तू हल्ली माझ्याकडे डोळे तपासल्यासारखा बघतोस. तो नुसता हसला.

आकडा आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. झोपेचे तास वगळून, अभिनंदन आणि पद्मजा, शंभरात एकोणीस. पद्मजा आणि तो दुसरा नंबर, शंभरात अठ्ठावीस. खाली, कंपनीने कुठूनतरी मिळवलेलं, त्या नंबराच्या नोंदणीचं नावही होतं, विश्वास केरीपाळे.

आपण रात्री नऊपर्यंत दुकानात असतो, मग एकोणीसच येणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण ते त्याच्या मनापर्यंत पोचलं नाही. त्याच्यापुढे फक्त ते अठ्ठावीस होते. बायकोच्या जागेपणीचा पाव हिश्शाहून जास्त वेळ कुणा केरीपाळेच्या शेजारी जात होता. त्या नावाला त्याने मनातल्या मनात चेहरा दिला, आवाज दिला. हात दिले, आणि त्या हातांचा विचार करून त्याला जेवण जाईना.

बुधवारी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि हॉस्पिटलच्या फाटकासमोर गाडी लावून बसला. पद्मजा बाहेर पडली, रिक्षात बसली. रिक्षा मालगावच्या रस्त्याला लागली आणि द्राक्षबागा सुरू होतात त्या वळणावर एका पिवळ्या बंगल्यापाशी थांबली. फाटकावर शिवणक्लासची पाटी होती. चार वाजता ती बाहेर आली. बरोबर एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस होता. सत्तरीचा तरी असेल. त्याने मोटारीचं दार उघडून धरलं, काहीतरी बोलला, आणि पद्मजा मान मागे टाकून खळखळून हसली.

हा केरीपाळे म्हातारा आहे हे पाहून अभिनंदनचं मन निवायला हवं होतं. ते जास्तच पेटलं. तरुण, देखणा असता तर गोष्ट समजण्यासारखी होती. या म्हाताऱ्याजवळ असं काय आहे की ती अशी हसते? आपल्याबरोबर ती अशी शेवटची कधी हसली, ते त्याने आठवून पाहिलं. आंबे आठवले.

तो तिला काही बोलला नाही. बोलायचं म्हणजे पाळत ठेवली हे कबूल करायचं. तो वाट बघत राहिला, कसली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात, दुपारी गर्दी सरल्यावर, एक माणूस दुकानात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. वय पस्तिशीचं. नाव सांगितलं संपत देवमाने, कराडकडचा, खतांचं दुकान आहे म्हणाला. अत्यंत अदबीने बोलत होता. चष्मा नको होता त्याला. पद्मजा मगदूम या आपल्याच घरातल्या का, एवढं विचारायचं होतं. या दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर घरपोच चष्म्यांसाठी त्यांचाच नंबर दिलेला आहे, म्हणून तो इथवर आला होता.

 अभिनंदनने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा सांगितला.

संपतने फोन काचेच्या टेबलावर ठेवला. त्यावरही 'सांगाती'च होतं. त्याची बायको सारिका दीड महिन्यापूर्वी मुलीला घेऊन घरातून निघून गेली होती. तिचा नंबर त्याने तेव्हापासून लावून ठेवला होता. फोन बहुतेक वेळ बंद असायचा, पण मुलीचं दवाखान्यात नाव लावायचं तरी चालू नंबर लागतो, तेवढ्यापुरता ती उघडायची. तेवढ्या तुटक रेघेचा काही उपयोग होत नव्हता. मग पंधरा दिवसांपूर्वी कंपनीकडून आपणहून निरोप आला, तुमच्या नंबराला नवे सांगाती सापडले. संपतने बोट लावून दाखवलं. पडद्यावर तीन रेघा होत्या आणि दोन ठिकाणी तिन्ही बरोबरीने चढत-उतरत होत्या. एक सारिकाची, एक पद्मजाची, एक विश्वास केरीपाळेची.

"हा केरीपाळे कोण?" अभिनंदनने विचारलं.

संपतने त्याचीही चौकशी केली होती. निवृत्त प्राध्यापक. घर सोडून आलेल्या बायकांना लपवून ठेवणारी एक संस्था आहे, तिचा हा माणूस विश्वस्त. नंबर त्याच्या नावावर असला तरी फोन संस्थेचा, तिथे ज्याची पाळी असेल त्याच्या हातात. तुमच्या मिसेस तिथे जात असणार, बायकांना दवाखान्यात, कोर्टात घेऊन जायला.

अभिनंदनला एकदम हलकं वाटलं. म्हणजे ते हात नव्हते, तो आवाज नव्हता. अठ्ठावीस म्हणजे एका संस्थेचा फोन. समोरचा हा अनोळखी माणूस त्याला भावासारखा वाटला. याच्याही जेवणाचे हाल झाले असतील, यानेही महिनाभर रेघा बघितल्या असतील. त्या सुटकेच्या भरात त्याची जीभ सैल झाली. संपतने जागा कुठली असेल असं नुसतं मोघम म्हटलं आणि अभिनंदन बोलून गेला. मालगाव रस्ता, द्राक्षबागांच्या वळणावर पिवळा बंगला, शिवणक्लासची पाटी.

संपतने चहा शांतपणे संपवला. पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून उठला. दाराशी थांबून त्याने मनगटावरचं बटण लावलं.

"मी तिला काही करणार नाही, साहेब," तो म्हणाला. "मला फक्त बघायचंय, ती आता कुणाबरोबर हसते."

काचेचं दार लोटून तो गेला, आणि अभिनंदन होता तिथेच उभा राहिला. हेच मोटारीत बसून त्याच्या मनात आलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. आपल्या मनात असताना ते दुःखाचं वाटलं होतं. त्या माणसाच्या तोंडून ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. लेकरू घेऊन, फोन बंद ठेवून एखादी बाई घर सोडते ती का, हा प्रश्न इतका वेळ त्याला पडलाच नव्हता.

त्याने पद्मजाला फोन लावला. वाजत राहिला. दुपारचे अडीच वाजले होते, म्हणजे ती त्या बंगल्यातच असणार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग एकच नंबर उरला, जो त्याला ठाऊक असायला नको होता. तो लावला की सगळं उघडं पडणार होतं. त्याने तो लावला.

पलीकडून पद्मजाचाच आवाज आला. "हां, बोला."

"मी अभिनंदन."

मागे कुठेतरी शिलाई मशीन चालत होतं.

"सारिकाचा नवरा निघालाय तिथे," तो म्हणाला. "पत्ता मी दिला."

त्यावर ती थांबली नाही. निघून किती वेळ झाला, एकटा आहे का, गाडी कुठली, एवढंच तिने विचारलं आणि फोन ठेवला.

अभिनंदन पोचला तेव्हा फाटक सताड उघडं होतं. केरीपाळे सर पायरीवर बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरला होता आणि बोटं निळी पडली होती. त्यांनी फाटक आतून धरून ठेवलं होतं आणि संपतने ते त्यांच्या हातावर आपटलं होतं. बायका मागच्या दाराने द्राक्षबागेतून पलीकडच्या वस्तीवर गेल्या होत्या, पद्मजा आणि मुलं त्यांच्याबरोबर. संपत अंगणाच्या मधोमध उभा होता. शर्टाची इस्त्री तशीच होती. तो फोनकडे बघत होता, आणि सारिकाच्या नंबरापुढे 'नाही' असं उत्तर येत होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा 'नाही'. अभिनंदनला पाहून तो ओळखीचं हसला आणि म्हणाला, "बघा ना, आत्ता इथेच होती."

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. अभिनंदनने सरांना दवाखान्यात नेलं. वाटेत सरांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एवढं विचारलं की पद्मजाने तुम्हाला सांगितलं होतं का. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला शपथ असते म्हणाले, घरीसुद्धा बोलायचं नाही.

पद्मजा संध्याकाळी घरी आली. साडीच्या काठाला माती लागली होती. तिने रागाने काही आपटलं नाही, रडलीही नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि सगळं विचारून घेतलं. नंबर कधी पाहिलास, कधी टाकलास, पाठलाग किती दिवस केलास. त्याने सगळं सांगितलं. मग तो म्हणाला की शपथ होती हे ठीक, पण एवढा एक शब्द मला बोलली असतीस तर हे झालंच नसतं.

"शपथ नसती तरी मी सांगितलं नसतं," ती म्हणाली. "तिथे मला कुणी विचारत नव्हतं, कुठून आलीस म्हणून. दिवसातले चार तास. तेवढेच होते माझे."

थोड्या वेळाने तिने त्याचा फोन मागून घेतला, त्याने लावलेल्या नंबरांच्या रेघा नीट पाहिल्या आणि तो परत दिला. तिचा नंबर कुणाच्याच पाळतीवर नव्हता, म्हणून तर संस्थेने तिला बायकांबरोबर बाहेर पाठवायला निवडलं होतं. सारिकाचा नंबर नवऱ्याने 'सांगाती'वर लावलाय हे त्यांना ठाऊक होतं. एकट्या रेघेने काही होत नाही, हेही ठाऊक होतं. सोबतीची रेघ अभिनंदनने काढून दिली होती.

संस्थेने आठवड्यात बंगला सोडला. नवी जागा कुठली, ते पद्मजाला कळवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. ती जाईल तिथे तिचा नंबर जाणार, आणि नंबर जाईल तिथे बघणारे डोळे. सारिका मुलीसह दूरच्या कुठल्या जिल्ह्यात सुखरूप आहे, एवढं केरीपाळे सरांनी हाताला प्लॅस्टर असताना घरी येऊन सांगितलं. पद्मजाने त्यांना पोहे केले. ती तेव्हा हसली नाही.

अभिनंदनने 'सांगाती'चं खातं बंद केलं. उत्तर आलं की तुमचं खातं बंद झालं, मात्र हे नंबर इतर ग्राहकांनीही लावलेले असल्याने त्यांची विचारणा चालू राहील. त्याने तक्रार केली. फोन कंपनी म्हणाली, आम्ही फक्त होकार देतो. त्याने त्या संशोधक मुलीला पत्र लिहिलं. तिने सविस्तर उत्तर दिलं. यंत्रणेने प्रत्येक होकार मुद्दाम सारख्याच वेळाने द्यायचा ठरवला तर रेघ सपाट होईल आणि सगळं थांबेल, पण त्याने प्रत्येक खातं उघडायला डोळ्याच्या पापणीइतका उशीर होईल, आणि तेवढा उशीर कुणालाच नको आहे. पद्मजाने नंबर बदलायचं ठरवलं, तर नव्या नंबराची पहिली पडताळणी जुन्या नंबरावरूनच होत होती, म्हणजे जुना माग नव्यालाही चिकटणार होता.

मग एक दिवस हॉस्पिटलातून आल्यावर तिने फोन देवघराशेजारच्या फळीवर ठेवला, चालूच ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडली. अभिनंदन त्या दिवशी लवकर घरी आला होता. कुठे, असं त्याच्या ओठांवर आलं. तिने वळून पाहिलं तसं त्याने ते गिळलं. फोनशिवाय बसचं तिकीट मिळत नव्हतं, दवाखान्यात नाव लागत नव्हतं, चहासुद्धा मिळणं मुश्किल होतं. ती पायीच गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच.

अभिनंदन आता दुपारनंतरचं दुकान नोकरावर सोडून घरी येऊ लागला. ती कुठे जाते, कुणाला भेटते, हसते का, हे त्याला कळायला कुठलाच मार्ग नव्हता. कीड गेली नव्हती. ती त्याच जागी होती, फक्त तिला खायला काही मिळत नव्हतं. तो फळीवरच्या फोनसमोर बसून राहायचा.

एकदा त्याला राहवलं नाही. त्याने नवं खातं उघडून पुन्हा तेच दोन नंबर टाकले, आपला आणि तिचा. महिन्याने आकडा आला. झोपेचे तास वगळून, शंभरात एकाहत्तर. खाली कंपनीने अभिनंदन केलं होतं, इतका सहवास फार थोड्या जोडप्यांच्या वाट्याला येतो.

त्याने फोन खाली ठेवला आणि दारातून बाहेर पाहिलं. अंधारून आलं होतं. चपला काढून ठेवायची तिची जागा रिकामी होती.